नायरीच्या तारेवर

स्टोनी क्रीकच्या खोऱ्यात कुणी लोकरीचा कपडा धुताना आटवला, तर तो नायरी ड्रमंडच्या फाटकाशेजारच्या कुंपणाच्या तारेवर लटकतो. हा नियम कुणी लिहिला नाही, कुणी मंजूर केला नाही. नायरीने तो सुरू केला आणि तिला नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही, एवढंच. आटलेला कपडा चिमट्यांनी वरच्या तारेला लावायचा, त्याला मेंढीच्या कानातला पिवळा बिल्ला अडकवायचा आणि बिल्ल्यावर गुन्हेगाराचं नाव घालायचं. मग येणारा-जाणारा गाडी हळू करून वाचतो, आणि संध्याकाळपर्यंत दारूच्या दुकानात त्याच्यावर विनोद सुरू झालेले असतात. कपडा तिथेच राहतो, थेट मेंढ्या विऊ लागेपर्यंत. तेव्हा ज्याचा त्याने यायचं, स्वतःच्या हाताने बाह्या कापायच्या आणि गारठलेल्या, आईवेगळ्या कोकराला घालायच्या. मोठ्या माणसाची आटलेली बाही कोकराच्या अंगाला बेतल्यासारखी बसते. पुढच्या पायांना दोन भोकं पाडली की काम झालं.

माझीसुद्धा काळी बंडी त्या तारेवर लटकली होती. लोकर कातरणाऱ्या टोळीबरोबर मी उत्तरेकडून इथे आले, कातरलेली लोकर टेबलावर निवडायच्या कामावर. आमच्या राहायच्या खोल्यांजवळ एक कपडे धुवायचं मशीन होतं आणि त्याचं एकच बटण चालायचं. मी आजही सांगते, चूक त्या मशीनची होती. पण दुसऱ्या दिवशी मालकीणबाई, म्हणजे नायरी, स्वतः बिल्ला आणि पेन घेऊन आमच्या दारात हजर. नाव काय, म्हणाली. हुइया, म्हटलं. नीट सांग, म्हणाली, बिल्ल्यावर चुकीचं पडायला नको. मी मुळात तोंडाची फाटकी. तिला, तिच्या तारेला आणि तिच्या सात पिढ्यांना उद्देशून जे काही सुचलं ते मी सगळं बोलून घेतलं. तिने शांतपणे ऐकलं, माझं नाव अचूक लिहिलं आणि म्हणाली, स्कोन पाव भाजलेत, गरम आहेत, गार व्हायच्या आत ये.

मी गेले. आणि मग या खोऱ्यातून गेलेच नाही. लग्न केलं, नवरा निघून गेला, मी राहिले. तिच्या घरापासून माझं घर हाकेच्या अंतरावर आहे, आणि नायरीची हाक म्हणजे डोंगरावरच्या कुत्र्याला परत बोलावणारी हाक.

नायरी ससे पकडणाऱ्याची मुलगी. लहानपणी तिच्या अंगावर दुसऱ्यांनी टाकलेले कपडे असायचे, आणि बहुतेक वेळा ते कुणीतरी धुऊन वाट लावलेले असायचे. ताठ, खरखरीत, काखेत काचणारे. ती म्हणायची की शाळेत मी लोकरीत नव्हे, पुठ्ठ्यात बसायचे. पुढे ड्रमंडांच्या मेंढवाड्यावर स्वयंपाकाला लागली आणि धाकट्या मालकाशी, यूअनशी, लग्न झालं. लग्नाच्या आधीच्या हिवाळ्यात तिने त्याच्यासाठी एक स्वेटर विणला. लोकर त्यांच्याच कळपातल्या एका म्हाताऱ्या मेरिनो मेंढीची. ही मेंढी सगळ्यांना शिंगावर घ्यायची, म्हणून नायरीची लाडकी. धुणं, पिंजणं, कातणं, सगळं घरात. रंग नाही, मेंढीचा होता तोच करडा.

यूअनने तो स्वेटर जन्मभर घातला. बर्फात, बाजारात, मुलाच्या बारशाला, बापाच्या मातीला. यूअन गेल्यावर नायरी घालू लागली. बाह्या दुमडून, कमरेला सुतळी बांधून. तिची मोठी जमीन आता दुसऱ्यांकडे गेली आहे. रस्त्यालगतचं लहान घर, मागचं कुरण आणि थोड्या म्हाताऱ्या मेंढ्या एवढंच तिच्याकडे आहे. पण स्वेटर नव्यासारखा होता. कोपराला एक रफू होतं, तेही दाखवल्याशिवाय दिसायचं नाही.

तो धुवायचा दिवस म्हणजे घरातला सण असायचा. वर्षातून एकदा, थंडी सुरू व्हायच्या आधी. मोठी किटली उकळवायची, टबात आधी गार पाणी, मग किटलीतलं, मग बाही वर करून कोपर बुडवायचं. पाणी गरम नाही, गारही नाही, कोपराला काही कळूच नये, असं झालं की मग साबणाचा चुरा. तो पूर्ण विरघळल्यावर स्वेटर हलकेच आत. चोळायचं नाही. पिळायचं तर नावच काढायचं नाही. दाबायचं आणि सोडायचं, एवढंच. विसळायचं पाणीसुद्धा तितकंच कोमट, कारण लोकर गरमाने जितकी बिथरते त्याहून जास्त ती गरमातून एकदम गारात गेली की बिथरते. मग टॉवेलवर पसरून गुंडाळी करायची आणि त्या गुंडाळीवर अनवाणी उभं राहायचं. नायरी तिथे उभी राहून खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांची उणीदुणी काढायची आणि पायाखाली पाणी टॉवेलात उतरायचं. नंतर सावलीत, जाळीवर आडवा पसरून ठेवायचा. ओला स्वेटर टांगला तर बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबतात. चुलीजवळ वाळवणाऱ्याशी ती आठवडाभर बोलायची नाही.

एरवी धुवायचंच नाही. घामाचा वास आला तर रात्री बाहेर कुंपणावर टाकायचा, गोठवणाऱ्या हवेत सकाळपर्यंत वास गेलेला असतो. चिखल उडाला तर हात लावायचा नाही, वाळू द्यायचा, मग झटकायचा. या खोऱ्यात मेरिनो घालणारी सगळी माणसं असंच करतात. आम्हाला त्यात विशेष काही वाटत नाही.

बाहेरच्यांना वाटतं.

नायरीचा मुलगा रसेल डनीडन शहरात असतो, विमा कंपनीत. वाईट नाही. आईला दर रविवारी फोन करतो, येताना तिला आवडणारे चीजचे रोल आणतो. पण शहरात राहून त्याला एक भीती चिकटली आहे. गेल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर नायरीच्या गुडघ्यासाठी गावोगाव फिरणारी एक नर्स येऊन गेली. नवीन मुलगी, मनाने चांगली. तिने रसेलला फोन करून सांगितलं की तुमच्या आई कपडे धूत नाहीत, रात्री बाहेर थंडीत टाकतात, आणि परवा टॉवेलच्या गुंडाळीवर अनवाणी उभ्या राहून एकट्याच बोलत होत्या. रसेल तिला म्हणाला, आमच्याकडे लोकर अशीच सांभाळतात. मग म्हणाला, 'पण...' त्या 'पण'पुढे त्याने काय म्हटलं ते नायरीने मला सांगितलं नाही. तो 'पण'च तिच्या जिव्हारी लागला होता.

मग रसेल एक दिवस तिला शहरातलं वृद्धांचं निवासस्थान दाखवायला घेऊन गेला. खोली छान होती म्हणे, खिडकीतून बंदर दिसत होतं. नायरीने बंदराकडे पाहिलं नाही. तिने कपडे धुवायची जागा दाखवा म्हणून हट्ट धरला. तिथली मुलगी कौतुकाने घेऊन गेली. मशीनच्या मोठाल्या पिंपात चादरी, पायजमे, मोजे, स्वेटर सगळं एकत्र वाफेत फिरत होतं. बाहेर आल्यावर बैठकीच्या खोलीत नायरीने एक म्हातारा बघितला. बसलेला, नीट विंचरलेला. अंगात एकेकाळचा भारी किमतीचा निळा स्वेटर. बाह्या मनगटाच्या पार वर चढलेल्या आणि पोटाजवळून शर्ट बाहेर आलेला.

"कुणी काही म्हणत नव्हतं, हुइया," परत आल्यावर ती मला म्हणाली. "तोसुद्धा नाही. तिथे तार नाही. तुमचं आटलं तर तिथे कुणी हसतसुद्धा नाही."

एवढं बोलून ती मेंढ्यांना चारा टाकायला गेली. मला तिच्या आवाजाची भीती वाटली, कारण तो मोठा नव्हता.

ईस्टरला, म्हणजे आमच्याकडे हिवाळा तोंडावर आलेला असताना, रसेल आला तेव्हा पुन्हा तोच विषय. मी तिथेच होते, चहा ओतत होते, त्यामुळे जे बोललं गेलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. रसेल म्हणाला, हा हिवाळा राहा, पण काही झालं तर मला सांगायचं. पडलीस, काही करपलं, काही विसरलीस, लपवायचं नाही. नायरी म्हणाली, लपवणार नाही, आणि हात पुढे केला. हात मिळवून झाल्यावर रसेल म्हणाला, आणि तसं काही झालंच तर घर बंद करायचं. नायरीने स्कोनला लोणी लावलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. रसेलला ते हो वाटलं.

हिवाळा गेला. नायरी पडली नाही, काही करपलं नाही. मी डोळ्यात तेल घालून पाहत होते. तिला ते कळत होतं आणि ती मला त्यावरून टोमणे मारत होती की पहारेकऱ्याला पगार कोण देतं. मेंढ्या विऊ लागल्या तशी ती पुन्हा तरणी झाली. पहाटे कुरणात, दुपारी कुरणात, अंगात यूअनचा स्वेटर.

त्या मंगळवारी मी अंडी द्यायला गेले. मागचं दार उघडं होतं. धुलाईच्या टबाजवळ स्टुलावर नायरी बसलेली, हात ओले, समोर टबाच्या काठावर काहीतरी करडं. मला वाटलं, पायपुसणं आहे. जवळ गेले तर त्याला गळा होता.

मी हात लावला. जाड, घट्ट, आखडलेलं. विणीचे फासे शोधूनही दिसत नव्हते. बाह्या माझ्या हाताच्या पंज्याएवढ्या रुंद राहिल्या होत्या.

तिने सगळं क्रमाने सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाचं सांगते आहे. एक मेंढी अडली होती, तिला सोडवताना स्वेटर कोपरापर्यंत घाण झाला. वाळू द्यायला हवा होता, पण वास फार होता म्हणून धुवायला काढला. घाईत आधी किटलीतलंच पाणी टबात ओतलं, किटली पुन्हा भरून चुलीवर ठेवली. तेवढ्यात बाहेर दुसरी मेंढी ओरडली म्हणून बघायला गेली. परत आली ती गार पाणी घातलंय अशाच समजुतीत. किटली पुन्हा उकळत होती, तीही ओतली. आणि स्वेटर आत टाकला. हात भाजला तेव्हा कळलं. तरीही तसाच पाण्यात राहू दिला असता, हळूहळू निवू दिला असता, तर थोडा तरी वाचला असता. जन्मभर तिने लोकांना हेच सांगितलं होतं. पण ती घाबरली, आणि स्वेटर उचलून सरळ नळाच्या बर्फासारख्या पाण्याखाली धरला.

"कोपर बुडवायला विसरले, हुइया," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा."

मला रडू आलं आणि मला रडू आलं की राग येतो. मी स्वेटर ओढून घेतला आणि म्हटलं, बस, हे आपल्या दोघींतच राहील. माझ्या घरामागे खड्डा करते, पुरून टाकते. रसेलने विचारलं तर सांग, कसर लागली. कसर कुणालाही लागते. रसेल शनिवारी येणार आहे, त्याला काय कळतंय, तो प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून केलेलं जाकीट घालतो.

नायरी माझ्याकडे बघत राहिली. तिला इतकं दुखावलेलं मी यूअनच्या मातीलाही पाहिलं नव्हतं, आणि आता ते दुःख माझ्यामुळे होतं.

"या खोऱ्यातल्या प्रत्येकाला मी चव्हाट्यावर आणलं," ती म्हणाली. "आणि माझं आटलं की पुरायचं? मग ती तार मी कशाला लावली होती? दुसऱ्यांना छळायला?"

ती उठली, फळीवरच्या डब्यातून पिवळा बिल्ला काढला आणि त्यावर स्वतःचं नाव लिहिलं. मी दारात आडवी उभी राहिले. मी तिला सांगितलं की तू वेडी आहेस, तो स्वेटर बघितला की रसेल दुसऱ्या दिवशी तुझी ट्रंक भरेल, हे घर जाईल, मेंढ्या जातील, तुला त्या बंदराच्या खिडकीशी बसवतील. ती म्हणाली, सरक. मी नाही सरकले. मग तिने तिचा कुत्र्यांसाठीचा आवाज काढला आणि मी सरकले. त्याचा मला अजून राग आहे.

तिने भर दुपारी स्वेटर तारेला लावला, मधोमध, रस्त्याकडे तोंड करून.

पुढचे दिवस वाईट गेले. लोक गाड्या हळू करायचे, नाव वाचायचे आणि निघून जायचे. कुणी काच खाली केली नाही. चर्चचा पाद्री, ज्याचा स्वतःचा मोठ्या गळ्याचा स्वेटर त्या तारेवर अख्खा हिवाळा डुलला होता, त्याने तर टोपी काढली. नायरी फाटकात उभी होती. तिच्या गालावर रक्त चढलं.

"कुणी मेलं आहे का इथे?" ती त्याच्यावर ओरडली. "टोपी घाला आणि हसा. तुमचं लटकलं तेव्हा मी पोट धरून हसले होते."

बिचाऱ्याला हसू येईना. तो माफी मागून गेला. ती घरात आली आणि जोरजोरात भांडी घासू लागली. त्या निळ्या स्वेटरवाल्या म्हाताऱ्याची मला आठवण झाली, आणि तिलाही तीच येत असणार.

गुरुवारी मेंढ्यांची ने-आण करणारा डूगल ट्रक घेऊन आला. डूगल म्हणजे पाचपोच न ठेवता बोलणारा माणूस. त्याने ट्रक मधेच थांबवला, खाली वाकून बिल्ला वाचला, सरळ झाला आणि भोंग्यावर हात ठेवून उचललाच नाही. मेंढ्या ट्रकमध्ये बोंबलायला लागल्या.

"नायरी," तो काचेतून ओरडला, "आम्हाला पिडलंस ना कोपर कोपर करत? आता तुझं कोपर कुठे चरायला गेलं होतं?"

नायरीने त्याला त्याच्या आईवरून, त्याच्या ट्रकवरून आणि तारेवर तीनदा लटकलेल्या त्याच्या मोज्यांवरून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. डूगल हसत गेला. ती परत आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. त्या दिवशी तिने पोटभर जेवण केलं. संध्याकाळपर्यंत बातमी दुकानात पोचली आणि शुक्रवारी जो तो भोंगा वाजवून जाऊ लागला. पाद्रीसुद्धा पुन्हा आला, या वेळी टोपी घालून, आणि धीर करून म्हणाला की प्रभू क्षमाशील आहे पण लोकर नाही. नायरीने त्याला चहा पाजला.

शनिवारी सकाळपासून बर्फ पडायला लागलं. वसंतातलं उशिराचं बर्फ, कोकरांचा काळ. मी आणि नायरी कुरणात होतो, एका मेलेल्या मेंढीशेजारी एक कोकरू पडलेलं मिळालं. ओलं, लाकडासारखं ताठ, पण तोंडात बोट घातलं तर आत ऊब होती. आम्ही ते घरात आणून चुलीजवळ खोक्यात ठेवलं. तेवढ्यात रसेलची गाडी आली.

गाडी फाटकाशी थांबली आणि तिथेच राहिली. मी खिडकीतून बघत होते. तो उतरला, तारेजवळ गेला, बिल्ला हातात घेतला. डोक्यावर बर्फ साचत होतं तरी हलला नाही. मग चिमटे काढून स्वेटर घेतला आणि तसाच आत आला, बूट न काढता.

"हा बाबांचा आहे," तो म्हणाला.

"होता. आता कोकराचा आहे."

"काय झालं, आई?"

नायरीने त्याला सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, काही न वगळता. अडलेली मेंढी, दोन किटल्या, विसरलेलं गार पाणी, विसरलेलं कोपर, नळ. एकही शब्द मऊ केला नाही. मी टेबलाखालून तिला पाय मारत होते, तिने माझा पाय दाबून धरला.

रसेल खाली बसला. त्याच्या त्या जाकिटातून पाणी गळत होतं.

"आपलं ठरलं होतं," तो म्हणाला.

"लपवायचं नाही असं ठरलं होतं. रस्त्यावर टांगलाय. याहून मोठ्याने कसं सांगू?"

"आणि असं झालं तर घर बंद करायचं, हेही."

"ते तू ठरवलंस. मी हात दिला तो त्याच्या आधी. ही साक्षीला आहे."

मी हो म्हटलं. मी त्या दिवशी बहिरी असते तरी हो म्हटलं असतं.

रसेल स्वेटरची कड चाचपत होता. मग जे बोलला त्याने माझा त्याच्यावरचा राग निम्मा उतरला. तो म्हणाला, आज स्वेटर आहे, उद्या चूल असेल. अवेळी फोन वाजला की तो उचलायच्या आधीच मी गाडीच्या किल्ल्या शोधायला लागतो. तू इथे ताठ मानेने उभी असतेस आणि मी तिथे रोज तुला मेलेली बघतो. त्याने तोंड फिरवलं.

नायरीच्या चेहऱ्यावरचा आवेश उतरला. ती उठली, चुलीवरची मोठी किटली उचलली आणि माझ्या पुढ्यात आणून आदळली.

"ही आजपासून हुइयाकडे," ती म्हणाली. "गरम पाणी लागलं तर ती घेऊन येईल. आणि रोज सकाळी येऊन चूल बघून जाईल."

मला कुणी विचारलं का, मी म्हटलं.

"तुला काय विचारायचं," ती म्हणाली आणि पुन्हा मुलाकडे वळली. "तू घाबरतोस ते खरं आहे. मीही घाबरले. किटली घे, काय हवं ते घे. पण घर नाही. या तारेवर अख्खं खोरं लटकून गेलंय, रसेल. पाद्री लटकला, डॉक्टर लटकला, ही लटकली. तूही लटकलास, शाळेच्या स्वेटरसकट. त्यातल्या एकाला तरी मी घर सोडायला लावलं? हसले, बाही कापायला लावली, चहा दिला आणि घरी पाठवलं."

"ते म्हातारे नव्हते, आई."

"म्हणजे म्हातारीने चूक केली की तिला शिक्षा वेगळी? मला तीच शिक्षा पाहिजे जी डूगलला मिळाली. कमी नको, जास्तही नको."

रसेल हरला होता असं नाही. त्याची भीती तशीच होती. पण खोक्यातलं कोकरू तेवढ्यात हललं आणि बारीक ओरडलं, आणि तो याच घरात वाढलेला मुलगा. त्याने जाकीट काढलं आणि खोक्याजवळ गुडघे टेकले.

नायरीने खिळ्याला टांगलेली मेंढ्या कातरायची कातर घेतली. स्वेटर टेबलावर ठेवला. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते, मी कोकराकडे बघत राहिले. लोकर इतकी घट्ट झाली होती की कातर चालेना. तिच्या बोटांत पूर्वीचा जोर नाही. रसेल मदतीला उठला तर तिने त्याला कोपराने मागे सारलं. ज्याचा त्याने कापायचा. वेळ लागला, ती मधेच थांबली, दम घेतला, पण बाही तिने एकटीने वेगळी केली. मग भोकं पाडली. त्या बाहीतून यूअनचा हात किती वेळा बाहेर आला असेल, आम्हा तिघांनाही तेच दिसत असणार.

कोकराचं डोकं तिने बाहीतून ओढून काढलं, मग एक पाय, मग दुसरा. बाही त्याच्या मानेपासून पोटापर्यंत नीट बसली. मनगटाची पट्टी गळ्याशी आली. रसेलने त्याला कुशीत घेऊन पाठ चोळली, लहान असताना बाप करायचा तशीच, आणि थोड्या वेळाने ते त्याचं बोट चोखू लागलं.

मग नायरीने उरलेला स्वेटर त्याच्याकडे सरकवला आणि कातर त्याच्या हातात दिली. म्हणाली, बाबांचा आहे म्हणालास ना, मग दुसरी बाही तू काप. बाहेर आणखी एक पडलेलं असेल.

त्याने कापली. डोळे पुसत, वाकडीतिकडी, पण कापली. कातर खाली ठेवून तो आईकडे न बघता म्हणाला, "आणि पुन्हा झालं तर?"

नायरीने खिडकीची वाफ हाताने पुसली. बाहेर बर्फात कुंपण फाटकापासून वळणापर्यंत गेलेलं दिसत होतं.

"तर पुन्हा लटकवीन," ती म्हणाली. "तार लांब आहे."